राहण्याची परवानगी मागणारे अर्ज : व्हर्जिनियाच्या जुन्या दफ्तरावरच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

आजपासून काम रीतसर सुरू. गट लहान आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) राहणारी आम्ही काही मराठी मंडळी, त्यात नागपूरच्या दिवाणी कोर्टात हयात घालवलेले आणि सध्या मुलाकडे आलेले एक वकीलकाका, शाळेत इतिहास शिकवणारी एक मैत्रीण, आणि हायस्कूलमधली मुलं. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने राज्यभरातली जुनी कोर्ट-दफ्तरं आणि विधिमंडळाकडे आलेले अर्ज स्कॅन करून खुले केले आहेत. कृष्णवर्णीय माणसांच्या नोंदी त्यांनी 'व्हर्जिनिया अनटोल्ड' नावाच्या संग्रहात एकत्र आणल्या आहेत, आणि हस्ताक्षरातला मजकूर टाइप करून द्यायला स्वयंसेवक लागतात. ते काम आम्ही करणारच आहोत. शिवाय स्वतःसाठी एक तक्ता ठेवायचा आणि प्रत्येक कागदावर मराठीत छोटं टिपण लिहायचं, असं ठरलं.

विषय एकच घेतला आहे. गुलामीतून कायदेशीर सुटका झालेल्या ज्या माणसांनी 'आम्हाला याच राज्यात राहू द्या' म्हणून अर्ज केले, त्यांचे कागद. १७७४ ते १८६५ या काळातले विधिमंडळाकडचे सगळे अर्ज धरले तर ते सुमारे २५ हजार आहेत. रस्ता, पूल, घटस्फोट, कर, नदीवरची होडी, सगळे विषय त्यात येतात. आम्हाला हवे असलेले अर्ज या ढिगात विखुरले आहेत आणि त्यांची भावंडं काउंटी कोर्टांच्या दफ्तरांत आहेत.

मुलांनी विचारलं, स्वातंत्र्य मिळालेल्या माणसाला राहायची परवानगी कशाला लागते? हा प्रश्न मी तक्त्याच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे. पुढचं सगळं काम त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

१८ जानेवारी

आज सगळ्यांना एक कागद नीट कसा पाहायचा ते दाखवलं.

अर्ज बहुतेक एका मोठ्या तावावर लिहिलेला असतो. नंतर तो आडव्या घड्या घालून अरुंद पट्टीसारखा केला जाई, आणि बाहेर राहिलेल्या भागावर कारकून चार ओळी लिही: काउंटी, अर्जदाराचं नाव, तारीख, कोणत्या समितीकडे पाठवला. त्याखाली, कधी वेगळ्याच शाईत, समितीचं मत: 'वाजवी' किंवा 'नामंजूर'. मधल्या घडीवर शाई झिजलेली असते, म्हणून प्रत्येक अर्जात साधारण त्याच उंचीवरच्या दोन-तीन ओळी वाचताना डोळे शिणतात. लागोपाठ दोन 'एस' आले की पहिला लांब, 'एफ'सारखा दिसतो. मुलांना ते कळेपर्यंत 'पझेस'चं काहीतरी भलतंच वाचलं जात होतं.

आतला मजकूर अर्जदाराच्या हातचा क्वचितच असतो. कोणी वकील किंवा लिहिता येणारा शेजारी तृतीयपुरुषी भाषेत लिहितो: 'आपली अर्जदार नम्रपणे निवेदन करते की…'. खाली नावाच्या मध्ये फुलीची खूण. वकीलकाका ते पाहून म्हणाले, "अहो, हे आपल्याकडच्या अंगठ्यासारखंच. अर्ज लिहिणारा वेगळा, पण हकीकत सांगितल्याशिवाय त्याला हे सुचणार नाही. नवरा कुठल्या मळ्यावर आहे, हे त्याला कुठून ठाऊक?" वाचनाची ही दिशा मला पटली. भाषा वकिलाची असली तरी तपशील तिचा आहे. तक्त्यात तपशिलाला स्वतंत्र रकाना ठेवला.

२५ जानेवारी

तारीख योग्य आहे, म्हणून कायद्याचं टिपण आजच पूर्ण केलं. १८०६ साली याच दिवशी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने तो मंजूर केला.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकन क्रांतीच्या काळात, १७८२ मध्ये, मालकाला आपल्या गुलामांना मृत्युपत्राने किंवा दस्ताने मोकळं करण्याची मुभा मिळाली. पुढच्या वीस वर्षांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांची संख्या झपाट्याने वाढली आणि मालकवर्ग अस्वस्थ झाला. १७९३ मध्ये नियम आला की प्रत्येक स्वतंत्र कृष्णवर्णीयाने कोर्टाच्या कारकुनाकडे नाव नोंदवावं आणि दाखला जवळ बाळगावा. बाहेरच्या राज्यातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना व्हर्जिनियात येऊन राहायलाही त्याच वर्षी बंदी झाली. मग १८०० चा ऑगस्ट. रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या लोहारकाम करणाऱ्या गुलामाने आखलेला उठाव सुरू होण्याआधीच फुटला आणि त्याच्यासह अनेकांना फाशी झाली. त्यानंतर 'मुक्त करणंच बंद करा' अशी मागणी जोर धरू लागली. तेवढं विधिमंडळाने केलं नाही. मधला मार्ग म्हणून १८०६ चं कलम आलं: १ मे १८०६ नंतर जो मुक्त होईल त्याने बारा महिन्यांच्या आत राज्य सोडावं. राहिला तर त्याचं स्वातंत्र्य जप्त. 'ओव्हरसीअर्स ऑफ द पूअर', म्हणजे काउंटीतल्या गरिबांची व्यवस्था पाहणारे अधिकारी, त्याला पकडून विकतील आणि ती रक्कम त्या काउंटीच्या गरिबांसाठी वापरतील.

ही शेवटची तरतूद मी मुलांना दोनदा वाचायला लावली. मुक्त झालेली बाई स्वतःच्या गावात तेरावा महिना राहिली तर तिला लिलावात विकून त्या पैशांत गावच्या गरीब गोऱ्या म्हाताऱ्यांची पोटं भरायची. दानधर्माच्या खात्यावर माणूस जमा करायचा. या कागदांच्या भाषेत कुठेही आवाज चढत नाही, म्हणून असा तपशील नजरेतून निसटतो. आमच्या टिपणात तो निसटता कामा नये.

आणि जायचं कुठे? केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर या राज्यांनी व्हर्जिनियाच्या कायद्यानंतर लगोलग आपले दरवाजे बंद केले. ओहायोत गुलामी नव्हती, पण १८०७ पासून तिथे राहायला येणाऱ्या कृष्णवर्णीयाला ५०० डॉलरचा जामीन द्यावा लागे. मजुरी करणाऱ्याला ही रक्कम कुठून आणायची? कायदा सगळीकडे सारख्या कडकपणे राबवला गेला नाही, हेही खरं आहे. कित्येक काउंट्यांमध्ये माणसं वर्षानुवर्षं तशीच राहिली. पण शेजाऱ्याशी भांडण झालं, निवडणुकीचं वारं फिरलं, कुठे उठावाची अफवा आली की ग्रँड ज्युरी, म्हणजे कोणावर खटला भरायचा ते ठरवणारी नागरिकांची समिती, नावं काढायला बसे. अर्जांच्या तारखांवरून ती भीती वाचता येते का, हे पाहायचं आहे.

१ फेब्रुवारी

लुसिंडाचा अर्ज. किंग जॉर्ज काउंटी, २७ नोव्हेंबर १८१३.

मेरी मॅथ्यूज नावाच्या बाईच्या मृत्युपत्राने लुसिंडा आणि तिच्याबरोबरचे सगळे मुक्त झाले. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने बाकी सगळ्यांना टेनेसीला नेलं. लुसिंडा गेली नाही. तिचा नवरा विल्यम एच. हू या गोऱ्या जमीनदाराचा गुलाम होता; तो हलू शकत नव्हता. बारा महिने उलटले. आता तिला पकडून कोणालाही विकता येत होतं. म्हणून तिने विधिमंडळाकडे मागणी केली की मला त्याच विल्यम हूच्या मालकीची करा. स्वातंत्र्याचे लाभ प्रिय आणि मोहक असले तरी नवऱ्यापासून तुटण्याइतके ते मोठे नाहीत, असं अर्जात म्हटलं आहे.

हा अर्ज कुठल्या गटात टाकायचा यावर आज बराच वेळ गेला. वरवर पाहता तो 'स्वतःहून गुलामी मागणाऱ्या' अर्जांमध्ये जातो, आणि जुन्या सूच्यांत असे अर्ज तिथेच सापडतात. पुढच्या काळात गुलामीचं समर्थन करणारे असल्या अर्जांकडे बोट दाखवून म्हणत, बघा, यांना स्वातंत्र्य नकोच आहे. लुसिंडाचा अर्ज 'राहण्याच्या परवानगी'तच ठेवायचा, असा माझा आग्रह आहे. तिला नवऱ्याजवळ राहायचं होतं. राज्याने त्यासाठी एकच दार उघडं ठेवलं होतं आणि ते दार गुलामीत उघडत होतं. मैत्रिणीचं म्हणणं असं की दोन्हीकडे नोंद करा, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही. तेही बरोबर आहे. शेवटी गट 'राहणं', आणि खुणेच्या रकान्यात दुसरी नोंद, असं केलं. टिपणात मात्र पहिलं वाक्य नवऱ्याचं आहे.

दहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण काकू, त्याचं नावच नाही यात." मला मिळालेल्या मजकुरात त्याचा उल्लेख 'तिचा नवरा' आणि मालकाचं नाव एवढाच आहे. ज्याच्यासाठी तिने सगळं पणाला लावलं त्याच्यासाठी तक्त्यात ओळ आहे, नावाची जागा कोरी आहे. ती तशीच ठेवली.

८ फेब्रुवारी

रकान्यांची फेररचना. काउंटी, वर्ष, अर्जदार, कोणासाठी मागणी, कारण, पाठीराख्यांच्या सह्या, निकाल. 'मालक' हा रकाना पहिल्या आराखड्यात दुसऱ्या क्रमांकावर होता, तो शेवटी नेला. आडनावं नसल्यामुळे मालकाच्या नावानेच माणूस शोधावा लागतो हे मान्य, पण ओळ वाचताना आधी अर्जदार दिसला पाहिजे.

१५ फेब्रुवारी

साउदॅम्प्टन काउंटीतल्या जेमायमा हंटचा १८११ चा अर्ज वाचून झाला. ती स्वतंत्र होती. १८०५ मध्ये तिने बेंजामिन बॅरेटशी करार केला: नवरा स्टीफन विकत घ्यायचा, दरवर्षी दहा पौंड, दहा वर्षं. पैसे मुदतीआधीच फेडल्यावर नवरा कागदोपत्री तिच्या मालकीचा झाला. आता त्याला मुक्त करावं तर बारा महिन्यांचं घड्याळ सुरू होणार, आणि मुलांचं पोट तर दोघांच्या रोजंदारीवर चालत होतं. म्हणजे बायकोने नवऱ्याची मालकीण राहणं हाच कुटुंब एकत्र ठेवायचा सुरक्षित उपाय. ती मेली किंवा कर्जात बुडाली तर स्टीफन तिच्या भांड्याकुंड्यांबरोबर मालमत्तेत धरला जाणार.

त्याच धाग्याने फॉकियर काउंटीतल्या वॉरेंटनच्या सॅम्युअल जॉन्सनकडे आलो. वॉरेंटन आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. जॉन्सन तिथल्या कोर्टाजवळच्या खानावळीत कामाला होता. न्यायाधीश, वकील, आमदार, सगळे तिथे उतरायचे, आणि त्यांना तो चांगला माहीत होता. साठवलेल्या पैशांतून त्याने स्वतःच्या सुटकेची किंमत जमवली, पण राज्याबाहेर जावं लागणार असेल तर ती सुटका काय कामाची, म्हणून आधी १८११ मध्ये अर्ज केला. गावातल्या वजनदार लोकांनी पाठिंबा दिला आणि १८१२ मध्ये त्याला मुक्त होऊन राहण्याची परवानगी मिळाली. मग पुढची काही वर्षं मेहनत करून त्याने बायको पॅटी आणि दोन मुलं, लूसी आणि सॅम्युअल, यांना विकत घेतलं.

यानंतरचे कागद एकापाठोपाठ एक उघडले की जीव घुसमटतो. १८१५ पासून १८३० च्या दशकापर्यंत तो पुन्हा पुन्हा विधिमंडळाचं दार ठोठावतो. मागणी तीच: बायको-मुलांना मुक्त करून इथेच राहू द्या. सह्या करणारे बदलतात, हस्ताक्षर बदलतं, युक्तिवाद थोडेफार बदलतात. तरुण बाप म्हातारा होतो, मुलगी लग्नाची होते. कुटुंबाला परवानगी मिळत नाही. १८४२ मध्ये तो वारला.

काका बराच वेळ हे कागद चाळत होते. ते म्हणाले, "असा पक्षकार वकिलाला आयुष्यात एखादाच भेटतो. दरवेळी हरतो आणि दरवेळी कागद घेऊन येतो. याचे सगळे अर्ज एका गठ्ठ्यात ठेवा, वर्षवार वेगळे करू नका." आमचा तक्ता वर्षवार लावला होता. जॉन्सनसाठी 'मालिका' नावाची नवी खूण केली, म्हणजे कुठल्याही एका अर्जावरून बाकीच्या सगळ्यांवर जाता येईल.

२२ फेब्रुवारी

आजच्या बैठकीत जे कधीतरी निघणारच होतं ते निघालं. गटातल्या बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर देशात राहायला साठ दिवस. एक जण म्हणाला, "त्यांना बारा महिने तरी होते." कोणी हसलं नाही, कारण त्याची खरंच तशी परिस्थिती आहे आणि मुलगी इथल्या शाळेत दुसरीत आहे.

मी इथे लिहून ठेवते, कारण टिपणं लिहिताना ही तुलना झिरपणार. तारखेची धास्ती, कागदाची एक प्रत गाडीत आणि एक घरात ठेवणं, आपल्या वतीने चांगलं बोलणारा माणूस शोधणं, हे आपण ओळखतो आणि त्यामुळे हे अर्ज आपल्याला लवकर कळतात. तेवढा उपयोग करून घ्यावा. त्यापुढे मात्र थांबावं. आपण आपल्या मर्जीने आलो आणि परत जायला घर आहे. लुसिंडा, जॉन्सन ही माणसं याच मातीत जन्मली होती, त्यांच्या आईबापांनी इथली तंबाखूची शेतं उभी केली होती, आणि मुदत चुकली तर शिक्षा होती लिलावाचा ओटा. टिपणांमध्ये आपल्या व्हिसाचा उल्लेख येणार नाही. एकमताने ठरलं.

१ मार्च

आज आमच्याच गावातला अर्ज: लीसबर्गची हॅरिएट कुक. कपडे धुण्याचं काम करणारी. तिच्या बाजूने सह्या करणाऱ्यांत गावातले प्रतिष्ठित गोरे लोक आहेत. त्यांचं म्हणणं असं की हिला राज्याबाहेर घालवलं तर लीसबर्गमधल्या अनेक नागरिकांची मोठी गैरसोय होईल. ती सभ्य आहे, विश्वासू आहे, कामात तरबेज आहे.

गावाला आपले कपडे धुवायला कोणी राहणार नाही, हे मुख्य कारण. मैत्रीण हे वाचून चिडली. चिडण्यासारखंच आहे. पण असे अर्ज एकाशेजारी एक ठेवले की दिसतं, यश मिळण्याची शक्यता कुठल्या युक्तिवादाला जास्त होती ते अर्जदारांना नेमकं ठाऊक होतं. न्हावी, लोहार, दाई, धोबीण: ज्यांचं काम गावाला रोज लागतं त्यांच्या अर्जावर सह्या गोळा होत. हॅरिएटने किंवा तिच्या वतीने कोणीतरी दारोदार जाऊन त्या सह्या मिळवल्या. प्रत्येक सहीमागे अंगणात उभं राहून केलेली एक विनंती आहे, त्या घरचे कपडे तिने कसे धुतले याची आठवण आहे. म्हणून सह्यांची नुसती संख्या न टाकता, ओळखता येतील तिथे त्यांचे हुद्देही लिहायचे ठरवलं. कोणाच्या जिभेवर तिचं राहणं अवलंबून होतं, ते त्यातून कळेल.

८ मार्च

काउंटी कोर्टांचं टिपण. १८१६ पासून परवानगीचा अधिकार स्थानिक कोर्टांकडेही आला, पण अट होती 'असामान्य गुणाचं कृत्य'. म्हणजे आगीतून कोणाला वाचवलं, कटाची खबर दिली, असं काही. आयुष्यभर गुपचूप कष्ट केलेल्या बाईने असामान्य काय दाखवायचं? १८३७ मध्ये निकष बदलला: अर्जदार शांत, कष्टाळू, चांगल्या वर्तनाचा असावा, दारू-जुगार नसावा. आधी कोर्टाच्या दारावर नोटीस लावायची आणि मग हजर न्यायाधीशांपैकी तीनचतुर्थांश लोकांनी होकार द्यायचा.

याचा अर्थ, अर्ज लागल्यापासून निकालापर्यंत येणाराजाणारा प्रत्येक गोरा माणूस दारावरचं नाव वाचत असणार आणि हरकत घ्यायला मोकळा असणार. मध्ये १८३१ चा ऑगस्ट येऊन गेला होता: साउदॅम्प्टनमध्ये नॅट टर्नर या गुलामाने केलेला उठाव, आणि त्यानंतर स्वतंत्र कृष्णवर्णीयांवर आणखी निर्बंध. त्यांना आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवायला राज्याने पैसाही मंजूर केला. १८३० च्या शिरगणतीत व्हर्जिनियात ४७,३४८ स्वतंत्र कृष्णवर्णीय होते आणि ४,६९,७५७ गुलाम. ही पहिली संख्या राज्याला डोळ्यांत खुपत होती.

नोंदवहीतल्या दाखल्यांचा नमुनाही मुलांना दाखवला. नाव, वय, रंग, उंची फूट-इंचांत, चेहऱ्यावरचे-हातावरचे व्रण, कोणी आणि कुठल्या कोर्टात मुक्त केलं. भाजल्याचा डाग, तुटलेलं बोट, भुवईवरची खूण. कारकुनाला ओळख पटवायची होती, त्या ओघात अंगावरच्या कष्टांची आणि माराची नोंद राहून गेली. हे टाइप करताना एका मुलाने व्रणांचा भाग गाळला होता, त्याला ते लिहवेना. त्याच्याशी बोलले. तो भाग आता मी टाइप करते, तो नावं आणि तारखा करतो.

१५ मार्च

जेफरसनचं मृत्युपत्र. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून वगळावं असं वाटत होतं, पण कायद्याची पकड दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. १८२६ च्या मार्चमध्ये जोडलेल्या पुरवणीत त्याने पाच जणांना मुक्त केलं: बरवेल कोल्बर्ट, जॉन हेमिंग्ज, जो फॉसेट, मॅडिसन आणि एस्टन हेमिंग्ज. आणि लगेच विधिमंडळाला विनंती की यांना राज्यातच राहू द्यावं, कारण यांची कुटुंबं आणि नातीगोती इथे आहेत. राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माणसाला शेवटच्या कागदात ही विनंती लिहावी लागली. ती मान्य झाली.

पण त्या नात्यागोत्यांचं काय झालं? १८२७ च्या जानेवारीत जेफरसनच्या माँटिचेलो या मळ्यावर लिलाव झाला, सुमारे १३० माणसं विकायला काढली. जो फॉसेटला स्वातंत्र्य आणि राहण्याची परवानगी दोन्ही मिळालं होतं. त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात होती. काहींना पुढे तो सोडवू शकला, सगळ्यांना नाही. मॅडिसन आणि एस्टनची आई सॅली हेमिंग्ज, हिचं नाव तर मृत्युपत्रात नाहीच. जेफरसनच्या मुलीने तिला तोंडी मोकळीक दिली. कागद झाला नाही म्हणून बारा महिन्यांची मोजणीही सुरू झाली नाही, आणि ती शार्लट्सव्हिलमध्ये मुलांजवळ राहू शकली. कागद नसणं हेच कधीकधी संरक्षण होतं. तेव्हा आमच्या तक्त्यात जी माणसं नाहीत त्यांतली कितीतरी अशीच, अर्ज न करता, नजरेआड राहून जगली असणार. प्रस्तावनेत हे लिहायलाच हवं.

२१ मार्च

प्रस्तावनेवर काम. मराठी वाचकासाठी ओळखीची एक वाट आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष त्याग केला. म्हणजे हा विषय मराठीत दीडशे वर्षांपूर्वी आला आहे. फुल्यांपर्यंत बातमी पोचली ती मुक्तिदात्यांची. पुण्यात बसून लुसिंडाचा किंवा जॉन्सनचा कागद त्यांच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता, तो रिचमंडच्या दफ्तरात घडी घालून पडला होता. ज्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी आणि घरासाठी वीस-वीस वर्षं लढा दिला त्यांची नावं आता मराठीत यावीत, ही या कामामागची माझी इच्छा आहे. प्रस्तावनेत हे एवढंच, चार ओळींत.

२९ मार्च

लीसबर्ग. इथल्या कोर्टात जुन्या नोंदींचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नेल्सन टॅलबट गँटची हकीकत याच काउंटीची.

गँट १८४५ मध्ये जॉन निक्सन या मालकाच्या मृत्युपत्राने मुक्त झाला. बायको अॅना मारिया मात्र लीसबर्गच्या जेन रसेल नावाच्या बाईची गुलाम. त्याने तिला विकत मागितलं, मिळाली नाही. वर्षाची मुदत संपत आली तसा तो ओहायोला गेला आणि पुन्हा तिच्यासाठी परतला. दोघं वॉशिंग्टनकडे निसटली, तिथे पकडली गेली, आणि त्याच्यावर आरोप ठेवला गेला तो चोरीचा: त्याने स्वतःची बायको चोरली. १८४६ मध्ये लीसबर्गच्या कोर्टात खटला चालला. सरकार पक्षाला अॅना मारियाची साक्ष हवी होती. बचावाने म्हटलं, ही त्याची बायको आहे, नवऱ्याविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कोर्टाने ते मानलं आणि गँट सुटला. गुलामांचं लग्न कायदा मानत नसे, आणि तरी त्या दिवशी लीसबर्गच्या कोर्टात ते लग्न उभं राहिलं.

काकांना हा मुद्दा इतका आवडला की त्यांनी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मुलांकडून करून घेतले. पुढे गँटने पैसे उभे करून बायकोला सोडवलं. दोघं ओहायोतल्या झेन्सव्हिलला गेली, शेती-व्यापारात मोठी झाली. तो १९०५ पर्यंत जगला. त्याच सुमारास, १८४६ मध्येच, व्हर्जिनियाचा जमीनदार जॉन रँडॉल्फ याच्या मृत्युपत्राने मुक्त झालेली ३८३ माणसं ओहायोतल्या मर्सर काउंटीत त्यांच्यासाठी घेतलेल्या जमिनीवर पोचली, तर तिथल्या जमावाने त्यांना उतरू दिलं नाही. दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवणार आहे, म्हणजे 'राज्य सोडून गेले आणि सुखी झाले' असा समज कोणाचा होणार नाही.

गँटचा कागद राहण्याच्या परवानगीचा नाही. तो जाणाऱ्याचा आहे. तरीही तक्त्यात घेतला. बारा महिन्यांच्या कलमाने तुटलेलं घर म्हणजे काय, ते इथे साक्षीपुराव्यासह आहे.

५ एप्रिल

शेवटच्या कालखंडाची टिपणं. १८५१ च्या राज्यघटनेत बारा महिन्यांची अट थेट घटनेतच लिहिली गेली. १८५६ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयाने स्वतः मालक निवडून गुलाम व्हावं यासाठी सर्वसाधारण कायदा झाला. लुसिंडाने १८१३ मध्ये जे एकटीने मागितलं, त्यासाठी आता रीतसर प्रक्रिया होती. या काळातल्या प्रत्येक अशा अर्जाच्या टिपणात दोन गोष्टी तपासायच्या: घरातलं कोण कुठल्या मालकाकडे होतं, आणि त्याआधी अर्जदारावर 'राज्यात राहिल्याचा' खटला झाला होता का. निवडलेला मालक आणि जोडीदाराचा मालक एकच निघाला तर गट 'राहणं'.

एवढे निर्बंध असूनही १८६० च्या शिरगणतीत व्हर्जिनियात ५८,०४२ स्वतंत्र कृष्णवर्णीय होते. मधल्या तीस वर्षांत ते दहा हजारांहून अधिक वाढले होते. तक्त्याच्या पहिल्या पानावरच्या मुलांच्या प्रश्नाखाली हे दोन आकडे, १८३० चा आणि १८६० चा, लिहून ठेवले.

कामाची वाटणी: फॉकियरचे राहिलेले अर्ज काका आणि दोन मुलं. लाउडनचे ग्रँड ज्युरीचे कागद मैत्रीण. नोंदवह्या माझ्याकडे. हॅरिएट कुकच्या सह्यांमधली न लागलेली नावं लीसबर्गच्या जमीन-दस्तांशी ताडून पाहायची आहेत, त्यासाठी मंगळवारी दुपारी जायचं.